साखर, मेंदू आणि वाड्याची भिंत

गटाच्या आम्ही चौघी आज पुन्हा माइकसमोर बसलोय. मागच्या वेळी साखरेच्या आजारात पायाची काळजी कशी घ्यायची ते आम्ही सांगितलं होतं. ते ऐकून एका ताईंचा फोन आला. म्हणाल्या, "पायाचं कळलं. डोळ्याचं ठाऊक आहे, किडनीचंही ऐकलंय. पण साखरेनं डोकं बिघडतं का हो? आमच्या सासूबाईंना बारा वर्षं साखर आहे. हल्ली दूध उतू जातं आणि त्या तिथंच उभ्या असतात."

आम्ही एकमेकींकडे बघितलं. कारण या प्रश्नाचं उत्तर आम्हाला आमच्याच गटात मिळालं होतं, उशिरा मिळालं होतं, आणि ज्या रीतीनं मिळालं त्याची आम्हाला अजून लाज वाटते. तेच आधी सांगतो.

आमच्या गटाच्या खजिनदार एक अक्का आहेत. नाव सांगत नाही, पण आज काय बोलणार ते त्यांना विचारूनच आलोय. अकरा वर्षं गटाचा पैसा त्यांच्या हातात. शाळा चौथीपर्यंतची, पण कुणाचे किती हप्ते राहिले, व्याज किती चढलं, हे वही न उघडता सांगायच्या. दोन वर्षांपूर्वी हिशेबात घोळ व्हायला लागला. एकीचा हप्ता दोनदा लिहिलेला, दुसरीचा लिहिलेलाच नाही. एका महिन्यात सहाशे रुपये कमी भरले. अक्का म्हणाल्या, मी दिलेत. कुणाला दिलेत, ते काही सांगता येईना. मग कुजबुज सुरू झाली. "पोरानं नवीन गाडी घेतलीय ना." असं बोलणाऱ्यांत आम्हीही होतो, खोटं कशाला सांगायचं.

पैसे तीन आठवड्यांनी सापडले. त्यांच्या सुनेला, तांदळाच्या डब्यात. तोवर अक्कांनी बैठकीला येणं सोडलं होतं.

आमच्यातली एक आशा ताई आहे. तिच्या ध्यानात आलं की अक्कांना साखर नऊ वर्षांची आहे. गोळ्या चालू होत्या, म्हणजे आठवण झाली की चालू. महिन्याच्या दोन्ही एकादश्या आणि चतुर्थी, असे उपवास. ती अक्कांना आरोग्य केंद्रात घेऊन गेली. साखर निघाली ३१२ आणि बीपी १७०/१००. डॉक्टरांनी तीन शब्द सांगितले, पाच मिनिटं इकडचं तिकडचं बोलले आणि ते शब्द परत विचारले. अक्कांना एकच आठवला. आम्ही म्हणत होतो वय झालं. वय किती, तर अठ्ठावन्न.

त्या दिवशी डॉक्टरांनी एक शब्द वापरला, ब्लड-ब्रेन बॅरियर. मराठीत रक्त-मेंदू अडथळा. आम्हाला काही कळला नाही. आम्ही पुन्हा पुन्हा विचारलं, समजून घेतलं, आणि आता तुम्हाला आमच्या भाषेत सांगतो.

जुना दगडी वाडा डोळ्यांसमोर आणा. बाहेर बाजार भरलाय. माणसं, गुरं, धूळ, कचरा. पण वाड्यात शांतता, कारण भिंत चिरेबंदी आहे, दगडांमधल्या दर्जा चुन्यानं गच्च भरलेल्या आहेत. मोठा दरवाजा बंदच असतो. त्याला एक छोटी दिंडी असते. ओळखीचा माणूस असेल तरच तिच्यातून वाकून आत यायचं. मेंदूचंही तसंच आहे. आपलं रक्त म्हणजे बाजार. जेवणातून, औषधातून, जखमेतून, जंतूंमधून काय काय रक्तात येतं आणि अंगभर फिरतं. बाकीच्या अवयवांतल्या रक्तवाहिन्या थोड्याफार झिरपणाऱ्या असतात, त्यांना ते चालतं. मेंदूला चालत नाही. म्हणून मेंदूतल्या सगळ्यांत बारीक रक्तवाहिन्यांच्या आतलं अस्तर एकमेकांना घट्ट चिकटलेल्या पेशींचं असतं. पेशी म्हणजे दगड, आणि त्यांच्यामधले सांधे म्हणजे भरलेल्या दर्जा. प्राणवायू सहज आत जातो. साखरेला आत न्यायला ठरलेले हमाल आहेत, ते तिला दिंडीतून नेतात. बाकी बहुतेकांना बाहेरूनच रामराम.

ही भिंत एकटी उभी नसते. रक्तवाहिनीला बाहेरून मिठी मारून बसलेल्या काही पेशी असतात, त्या तिला आधार देतात. त्यांच्याही बाहेर चांदणीच्या आकाराच्या पेशी आपले पाय टेकवून बसलेल्या असतात. डॉक्टर म्हणाले, या तिघींची एकी आहे तोवर भिंत धड. आमच्यातली एक लगेच म्हणाली, म्हणजे बचत गटच की!

हे सगळं माणसाला कळलं कसं, त्याची गोष्ट छान आहे. १८८५ साली जर्मनीत पॉल एर्लिख नावाच्या शास्त्रज्ञानं प्राण्याच्या रक्तात रंग टोचला. सगळं अंग रंगलं, मेंदू तेवढा कोरा राहिला. त्याला वाटलं, मेंदूला रंग धरतच नसेल. पुढे १९१३ मध्ये त्याच्याच हाताखाली शिकलेल्या एडविन गोल्डमननं उलटं करून बघितलं. मेंदूभोवती जे पाणी असतं त्यात रंग सोडला. आता मेंदू रंगला आणि बाकीचं अंग कोरं. म्हणजे मेंदूला रंग धरत होता, मध्ये काहीतरी आडवं होतं. ते आडवं म्हणजे हीच भिंत. पुढे १९६० नंतरच्या काळात मोठ्या ताकदीच्या सूक्ष्मदर्शकातून ते घट्ट सांधे डोळ्यांना दिसले.

या बारीक रक्तवाहिन्या केसाच्या दहाव्या हिश्श्याइतक्या बारीक, पण एका माणसाच्या मेंदूतल्या सगळ्या जोडल्या तर लांबी सहाशे किलोमीटरच्या आसपास भरते. कोल्हापूरहून मुंबईला जाऊन अर्धी वाट परत यावं इतकी. एवढ्या लांब भिंतीची राखण आपण रोज करतो, आणि तिचं नावही आपल्याला ठाऊक नसतं.

आता साखर काय करते ते बघा.

पाकाचं पातेलं न विसळता तसंच ठेवलं की दुसऱ्या दिवशी काय होतं? चमचा चिकटतो, झाकण चिकटतं. रक्तात साखर सतत जास्त राहिली की ती अंगातल्या प्रथिनांना अशीच चिकटत जाते. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी असते, एचबीए१सी, ती याच चिकटण्यावर चालते. रक्तातल्या लाल पेशींना किती साखर चिकटली ते त्यात मोजतात. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते, म्हणून दोन-तीन महिन्यांचा पाढा त्यात वाचता येतो. पण साखर फक्त लाल पेशींनाच चिकटते असं थोडंच आहे. ती भिंतीलाही चिकटते.

शिवाय एक अडचण अशी की रक्तात साखर वाढली म्हणून रक्तवाहिनीच्या अस्तराला आपलं दार लावून घेता येत नाही. बाहेर जितकी जास्त, तितकी ती आत शिरते. त्या पेशी आतून होरपळतात. बाहेरून मिठी मारून बसलेल्या आधाराच्या पेशी हळूहळू मरतात. दर्जांमधला चुना सुटायला लागतो. मग जे आत यायला नको ते झिरपतं. रक्त गोठवणारी प्रथिनं मेंदूत उतरतात, तिथल्या राखणदार पेशी चवताळतात, आणि त्या भांडणात आसपासच्या शहाण्यासुरत्या पेशींचंही नुकसान होतं. हे एका दिवसात होत नाही. वर्षानुवर्षं चालतं, आणि दुखत नाही. दुखलं असतं तर बरं झालं असतं, असं आम्हाला कधी कधी वाटतं. दात ठणकला की आपण दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे जातो.

साखरेच्या रुग्णांच्या मेंदूची भिंत निरोगी माणसांपेक्षा जास्त झिरपते, हे एमआरआयच्या तपासण्यांतही दिसलंय. आणि २०१६ मध्ये वेगवेगळ्या अभ्यासांतल्या २३ लाख माणसांच्या नोंदी एकत्र करून बघितल्या, तेव्हा साखर असलेल्यांना स्मृतिभ्रंशाचा धोका सुमारे ६० टक्क्यांनी जास्त दिसला. रक्तवाहिन्या खराब होऊन जो स्मृतिभ्रंश होतो, त्याचा धोका साखर असलेल्या बायकांना, साखर नसलेल्या बायकांच्या दुपटीहून जास्त होता. पुरुषांतही वाढला होता, पण बायकांइतका नाही. घाबरवायला सांगत नाही. धोका जास्त म्हणजे होणारच असं नव्हे. साखर असूनही ऐंशीव्या वर्षी नातवंडांचे पाढे तपासणाऱ्या आज्या आमच्या गावात आहेत. सांगायचं एवढंच की "वय झालं" म्हणून सोडून देऊ नका.

मग करायचं काय? पहिल्यांदा काय करायचं नाही ते सांगतो, कारण त्यात पैसा जातो. ही भिंत दुरुस्त करते असं सिद्ध झालेली एकही गोळी, पावडर की काढा आज बाजारात नाही. मागच्या वर्षी आमच्या बैठकीत एक गृहस्थ आले होते, साडेतीन हजारांचा डबा घेऊन. साखरही जाईल, बुद्धीही वाढेल म्हणाले. दोघींनी गटातून कर्ज काढून घेतला. साखर गेली नाही. त्या डब्यात आता जिरे-मोहरी असते.

खरी कामं साधी आहेत, पण रोज करायची आहेत.

साखर ताब्यात ठेवणं हे पहिलं, हे तुम्हाला पाठच असेल. इंग्लंडमध्ये साखरेच्या रुग्णांवर वीस वर्षं एक मोठा अभ्यास चालला, त्याचे आकडे १९९८ मध्ये आले. साखर नीट सांभाळलेल्यांमध्ये बारीक रक्तवाहिन्यांचे त्रास २५ टक्क्यांनी कमी झाले. हे त्रास म्हणजे मुख्यतः डोळ्यांचे आणि किडनीचे. पण त्याच अभ्यासात दुसरी एक गोष्ट निघाली, ती आपल्याकडे कुणी फारशी बोलत नाही. ज्या रुग्णांचं बीपी नीट सांभाळलं, त्यांच्यात बारीक रक्तवाहिन्यांचे त्रास ३७ टक्क्यांनी आणि पक्षाघात ४४ टक्क्यांनी कमी झाले. म्हणजे भिंतीला नुसता साखरेचा पाक चिकटत नाही, तिच्यावर आतून बीपीचे धक्केही बसत असतात. आपण साखरेचा आकडा शेजारणीला सांगतो, बीपीचा विचारला तर "असेल काहीतरी" म्हणतो. साखर असलेल्या बाईचं बीपी साधारण १३०/८० च्या आसपास असावं, तुमचा नेमका आकडा तुमचे डॉक्टर ठरवतील. तो विचारा आणि गोळ्यांच्या पाकिटावर लिहून ठेवा.

बीपी म्हटलं की मीठ आलं. दिवसाला सगळं मिळून एक छोटा चमचा, म्हणजे पाच ग्रॅमपर्यंत. भाजीतलं आपण मोजतो. पापड, लोणचं, ठेचा, खारवलेली मिरची, दुकानातला फरसाण यांतलं मोजत नाही. आम्ही चौघींनी एक आठवडा लिहून बघितलं. चौघीही नापास.

चहाचाही हिशेब करा, आपण हिशेबाच्या बाया आहोत. शेतावरचा, घरातला, पाहुण्याबरोबरचा, बैठकीतला, असे दिवसाला पाच कप. कपाला दोन चमचे म्हणजे दहा चमचे साखर. एक चमचा पाच ग्रॅम धरला तर पन्नास ग्रॅम. महिन्याला दीड किलो, एकटीची. साखर नको म्हणून गुळाचा चहा घेणाऱ्या पुष्कळ जणी भेटतात. गूळ म्हणजेही बहुतांश साखरच, मैत्रिणींनो. रक्ताला दोन्हींत फारसा फरक कळत नाही. आमच्या बैठकीत आता बिनसाखरेचा चहा करतो आणि साखर बाजूला वाटीत ठेवतो. पहिले दोन महिने तोंडं वाकडी झाली, मग वाटी रिकामी व्हायची थांबली.

जेवताना एक युक्ती आहे, तिला पैसा लागत नाही. आधी भाजी, उसळ, वरण खायचं, मग भाकरी, आणि भात शेवटी, थोडा. याच क्रमानं खाल्लं तर जेवणानंतर साखर कमी उसळते. अडचण अशी की आपण बाया सगळ्यांचं झाल्यावर बसतो. तोवर भाजी संपलेली असते, भात उरलेला असतो. उरलेलं वाया जाऊ नये म्हणून आपलं पोट वापरायची ही सवय कुठल्या गोळीनं जाणार?

चालण्याचं सांगितलं की उत्तर ठरलेलं, "दिवसभर राबतोच की." रानात खुरपणीला जाणाऱ्या बाईला आम्ही चालायला सांगणार नाही. पण ज्यांनी गुडघे धरले म्हणून रान सोडलं, ज्या आता शिलाईच्या मशिनवर किंवा दुकानात बसून असतात, त्यांनी रोज अर्धा तास, आठवड्यातले पाच दिवस, जरा भरभर चालायचं. जेवणानंतर चाललं तर आणखी चांगलं. आणि मिश्री. याबद्दल बोललं की रेडिओ बंद होतो, आम्हाला माहीत आहे. मिश्री तंबाखूच आहे. दाताला लावली तरी निकोटिन रक्तात जातं, रक्तवाहिन्या आवळतं, बीपी चढवतं. आमच्यातली एक वीस वर्षं लावत होती. सुटायला सात महिने लागले, दोनदा परत सुरू झाली. तिसऱ्यांदा सुटली.

आता ज्यासाठी खास आज बोलायला बसलो, तिकडे येतो. साखर जास्त झाली की भिंत खराब होते, हे कळलं की काही जणी दुसऱ्या टोकाला जातात. जेवण सोडतात, गोळ्या वाढवतात. मेंदूचं वजन आपल्या वजनाच्या पन्नासाव्या हिश्श्याइतकं, पण अंगाच्या ऊर्जेचा पाचवा हिस्सा तो एकटा खातो, आणि त्याचं रोजचं अन्न म्हणजे साखर. साखर एकदम उतरली की तो उपाशी पडतो. अमेरिका आणि कॅनडात दहा हजारांहून जास्त रुग्णांवर एक अभ्यास चालला होता. एका गटाची साखर औषधांनी अगदी निरोगी माणसाइतकी खाली आणायचा प्रयत्न केला. त्या गटात मृत्यू जास्त व्हायला लागले, म्हणून २००८ मध्ये तो भाग थांबवावा लागला. स्मरणशक्तीतही त्या गटाला काही फायदा दिसला नाही. आणि वयस्कर रुग्णांत, ज्यांची साखर दवाखान्यात न्यावं लागेल इतकी खाली गेली होती, त्यांना पुढे स्मृतिभ्रंश जास्त झाल्याचं दुसऱ्या एका अभ्यासात २००९ मध्ये दिसलं.

अक्कांचं हेच चाललं होतं. उपवासाच्या दिवशी साबुदाण्यानं साखर वाढते असं त्यांनी ऐकलं होतं. ते खरंच आहे, साबुदाणा निव्वळ पिठूळ. म्हणून त्या दिवशी त्या गोळी दुप्पट घ्यायच्या, आणि एकादशीला तर साबुदाणाही नाही, नुसतं पाणी. दुपारी घाम फुटायचा, हात थरथरायचे, छाती धडधडायची, बोलणं तुटायचं. सुनेला वाटायचं, सासूबाईंचा राग आलाय. शेजारणीला वाटायचं, अंगात आलंय. कुणी चिमूटभर साखर तोंडात घातली नाही, कारण साखरेच्या रोग्याला साखर कशी द्यायची!

उपवास सोडा असं आम्ही सांगणार नाही. सांगितलं तरी तुम्ही ऐकणार नाही, आम्हीही सोडलेले नाहीत. पण उपवासाच्या आदल्या आठवड्यात गोळ्यांचं पाकीट घेऊन डॉक्टरांकडे किंवा आरोग्य केंद्रात जा आणि विचारा, यातली कुठली गोळी पोट रिकामं असताना घ्यायची नाही? नुसत्या मेटफॉर्मिननं साखर सहसा फार खाली जात नाही. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांनी आणि इन्सुलिननं जाते. आपल्या मनानं गोळी बंद करायची नाही आणि दुप्पटही करायची नाही. निर्जळ उपवास साखरेच्या बाईला झेपणारा नाही. ताक, दही, मूठभर शेंगदाणे, थोडी भगर, असं दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं घ्यावं.

आणि घाम, थरथर, अचानक भूक, धडधड, गोंधळल्यासारखं बोलणं असं काही दिसलं, तर यंत्र असेल तर साखर बघा. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच प्यायला द्या. यंत्र नसेल तर वाट बघू नका, द्या. पंधरा मिनिटांनी बरं नसेल तर पुन्हा द्या. बरं वाटल्यावर काहीतरी खायला द्या. बाई बेशुद्ध असेल तर मात्र तोंडात काहीही ओतायचं नाही, श्वासात जाईल. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन लावा. तोंड एका बाजूला वाकडं झालं, एक हात लुळा पडला, जीभ अडखळली, तर तो पक्षाघात असू शकतो. तेव्हाही १०८, आणि उशीर नको.

एक तपासणी राहिली, ती आमची फार लाडकी आहे. मेंदूची भिंत आपल्याला दिसत नाही. पण तिची सख्खी बहीण दिसते, डोळ्यात. डोळ्याचा मागचा पडदा म्हणजे मेंदूचाच बाहेर आलेला भाग, आणि तिथल्या बारीक रक्तवाहिन्यांची भिंतही याच घडणीची. साखरेनं आधाराच्या पेशी मरतात असं मघाशी सांगितलं ना, ते डोळ्याच्या पडद्यात फार लवकर घडतं. अंग न कापता रक्तवाहिन्या बघता येतील अशी शरीरातली ही एक जागा. म्हणून साखर असलेल्या प्रत्येकीनं, दिसत नीट असलं तरी, वर्षातून एकदा पडदा तपासून घ्यायचा. मोतीबिंदूच्या शिबिरात डोळे दाखवले म्हणजे पडदा तपासला असं नव्हे, तसं मुद्दाम सांगावं लागतं. डोळ्यात थेंब घालतात, तीन-चार तास धूसर दिसतं, ऊन सोसत नाही. सोबत कुणाला तरी न्या, एकटीनं एसटीनं परत येऊ नका. तिथं भिंत झिरपताना दिसली तर समजायचं की दुसरीकडेही लक्ष द्यायची वेळ झाली. लघवीतलं प्रथिनही वर्षातून एकदा तपासतात, ते किडनीतली चाळणी कशी आहे ते सांगतं.

दोन गोष्टी चटकन सांगतो. मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेणाऱ्यांत बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकतं. दूधदुभतं कमी असलेल्या शाकाहारी घरात ते आधीच कमी असतं. बी-१२ कमी झालं तरी विसर पडतो, हातापायाला मुंग्या येतात, आणि ते भरून काढता येतं. थायरॉइड, मनाचा उदासपणा, कमी ऐकू येणं, यांनीही विसरल्यासारखं होतं. म्हणून विसर पडला की साखरेवरच खापर फोडून मोकळं व्हायचं नाही, तपासायचं. दुसरं म्हणजे, अंगात रक्त कमी असेल तर ती तीन महिन्यांची तपासणी चुकीचा आकडा दाखवू शकते. आपल्यात रक्त कमी असणाऱ्या किती जणी आहेत ते काय सांगायचं! डॉक्टरांना तेवढं सांगा.

आणि ज्यांना अजून साखर नाही, किंवा आहे की नाही ठाऊकच नाही, त्यांनी तिशी ओलांडली असेल तर उपकेंद्रात जा. साखर आणि बीपी तिथं फुकट बघतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशभरच्या पाहणीत साखरेचे रुग्ण १० कोटींवर निघाले, आणि साखरेच्या उंबरठ्यावर असलेले त्यांच्याहूनही जास्त, १३ कोटींवर. उंबरठ्यावरून मागे फिरता येतं.

अक्कांचं पुढं काय झालं, ते विचाराल. बी-१२ कमी निघालं, त्याची इंजेक्शनं झाली. गोळ्या बदलल्या, उपवासाच्या दिवसाची वेगळी चिठ्ठी डॉक्टरांनी करून दिली, ती देव्हाऱ्याजवळ लावलीय. तीन महिन्यांची सरासरी १०.८ होती, ती आठ महिन्यांत ७.४ वर आली. पडद्यावर सुरुवातीचे ठिपके सापडले, आता दर सहा महिन्यांनी दाखवतात. डोकं आधीसारखं झालं का? काही झालं, काही नाही. तीन शब्दांतले दोन आठवतात, कधी तीनही. डॉक्टर म्हणाले, किती परत येईल ते सांगता येत नाही, पुढची घसरण थांबावी म्हणून झटायचं. पैसे अजून अक्काच मोजतात. शेजारी एकजण बसते आणि लिहिते, ही पद्धत आम्ही आता सगळ्याच खजिनदारांसाठी लावली, म्हणजे त्यांना एकटीला लागणार नाही.

आम्ही माफी मागायला गेलो होतो. कशी मागायची ते कळेना, म्हणून पाच-सहा जणी नुसत्याच ओट्यावर बसून राहिलो. अक्कांनी चहा केला, बिनसाखरेचा. मग म्हणाल्या, "सकाळी काय खाल्लं ते ध्यानात राहत नाही बघा. पण कुणी चोर म्हटलं, ते सगळं नावानिशी ध्यानात आहे." आम्ही हसलो. त्या हसल्या नाहीत. आता हसतात.

फोन करणाऱ्या ताई, ऐकताय ना? सासूबाईंना या आठवड्यात घेऊन जा. जाताना सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घाला, जुने कागद घ्या, आणि त्या महिन्यातून कुठले उपवास करतात ते लिहून न्या. कधीपासून विसरतात, दिवसभर सारखंच असतं की उपवासाच्या दुपारी जास्त, हे आठवून ठेवा. डॉक्टर पाच मिनिटं बघतात, तुम्ही चोवीस तास बघता. आणि दूध उतू गेलं तर गॅस बंद करा, त्यांना ओरडू नका.

पुढच्या बुधवारी याच वेळी घरात इन्सुलिन कसं ठेवायचं, वीज गेली तर काय करायचं, ते सांगू. अक्कांना बोलावलंय. येते म्हणाल्यात. ध्यानात राहिलं तर.